मी चुकलो होतो: ‘कॅसलव्हेनिया ब्लडलाइन्स’चा फेरनिकाल

(या भागाचा लिखित मजकूर. बोलताना झालेली अडखळ काढली आहे, बाकी तसंच ठेवलंय.)

आजचा भाग थोडा वेगळा आहे. आज मला एक माफी मागायची आहे.

मागे आपण जुन्या भुताखेतांच्या गेम्सवर एक भाग केला होता, आठवतंय? त्यात मी ‘कॅसलव्हेनिया ब्लडलाइन्स’बद्दल दोन वाक्यं बोललो आणि पुढे गेलो. म्हणालो होतो, “सेगावर आलेली दुय्यम आवृत्ती, नाही खेळलात तरी चालेल.” त्यावर एका श्रोत्याने विचारलं, “दादा, तू शेवटपर्यंत खेळलायस का?”

खरं उत्तर होतं, नाही. दोन टप्पे खेळलो होतो. बाकीचं मत मी इंटरनेटवरच्या ‘टॉप टेन’ याद्यांमधून उचललं होतं. ऑफिसात ज्युनिअरने कोड न वाचता रिव्ह्यू दिला तर मी त्याला झापतो, आणि इथे मी स्वतः तेच केलं होतं.

म्हणून गेले दोन महिने रोज रात्री हा गेम खेळलो. दोनदा पूर्ण केला, दोन्ही पात्रं घेऊन. आज फेरनिकाल. पण आधी थोडा इतिहास, कारण हा गेम आपल्यापर्यंत पोचलाच नाही, त्याचीही एक गोष्ट आहे.

रामवाडीतली कॅसेट

मी पेणच्या रामवाडीत वाढलो. मुंबई-गोवा हायवे जवळ, त्यामुळे झोपताना ट्रकचे हॉर्न आणि एसटीचा गिअर बदलल्याचा आवाज ऐकायची सवय. २००४-०५ च्या सुमारास आमच्याकडे ‘टीव्ही गेम’ आला. तुमच्यापैकी बऱ्याच जणांकडे असणार. पांढरा-लाल डबा, दोन रिमोट, एक बंदूक आणि पिवळी कॅसेट. कॅसेटवर लिहिलेलं ‘९९९९९९ इन १’. आत प्रत्यक्षात दहा-बारा गेम्स, तेच पुन्हा पुन्हा. मारिओ, कॉन्ट्रा, डक हंट, रोड फायटर. चालली नाही की कॅसेट काढायची, फुंकर मारायची, परत लावायची.

ते मशीन म्हणजे निन्टेंडोच्या ‘फॅमिकॉम’ची नक्कल होती, हे मला कॉलेजात कळलं. फॅमिकॉम जपानमध्ये १९८३ साली आला. म्हणजे मी २००५ मध्ये जे नवीन म्हणून खेळत होतो ते वीस वर्षांपेक्षा जुनं होतं! आणि ज्या कॉन्ट्रासाठी माझी आणि चुलत भावाची मारामारी व्हायची, तो कोनामी या जपानी कंपनीचा. हे नाव लक्षात ठेवा, कारण आजचा गेमही कोनामीचाच आहे.

साडेतीन तोळ्यांचा डबा

फॅमिकॉमच्या पुढची पिढी म्हणजे सोळा बिटची मशीन्स. सेगाचा मेगा ड्राइव्ह जपानमध्ये १९८८ साली आला, निन्टेंडोचा सुपर फॅमिकॉम १९९० साली. अमेरिकेत शाळेच्या मैदानावर यावरून भांडणं व्हायची, तू सेगावाला की निन्टेंडोवाला.

आपल्याकडे? मेगा ड्राइव्ह भारतात अधिकृतपणे आला १९९५ मध्ये. आणणारी कंपनी शॉ वॉलेस. हो, दारूच्या धंद्यासाठी ओळखली जाणारी तीच. आयात शुल्क ऐंशी टक्के होतं, ते टाळायला सेगाने भारतीय कंपनीशी करार केला. तरीही किंमत होती १८,००० रुपये.

आता बघा, १९९५ मध्ये दहा ग्रॅम सोनं पाच हजारांच्या आत मिळत होतं. म्हणजे या डब्याच्या पैशात तीन-साडेतीन तोळे सोनं आलं असतं. घरात मुलीचं लग्न असताना कोणता बाप साडेतीन तोळे टीव्हीला जोडून ठेवेल? माझ्या ओळखीत एकाच्याही घरी मेगा ड्राइव्ह नव्हता. आमच्यासाठी सोळा बिटची पिढी झालीच नाही. आठ बिटच्या पिवळ्या कॅसेटवरून आम्ही थेट सायबर कॅफेत ‘काउंटर स्ट्राइक’वर उडी मारली.

हे सांगतोय कारण त्या ‘टॉप टेन’ याद्या बनवणारी माणसं कोण आहेत बघा. अमेरिका, जपान, युरोपातली, ज्यांच्याकडे लहानपणी यातलं एखादं मशीन होतं. त्यांची यादी ही त्यांच्या बालपणाची यादी आहे. त्यात चूक काही नाही. पण मी ती जशीच्या तशी वाचून दाखवली, ती चूक. मला ना निन्टेंडोची माया, ना सेगाची. या गेमपुढे मी कोराच बसू शकतो, आणि तसंच बसायला हवं होतं.

गेम काय आहे

‘ब्लडलाइन्स’ १९९४ मध्ये आला. याला तीन नावं आहेत. अमेरिकेत ‘ब्लडलाइन्स’, जपानमध्ये ‘व्हॅम्पायर किलर’, युरोपात ‘द न्यू जनरेशन’. युरोपच्या आवृत्तीत रक्त सौम्य केलं, अगदी शीर्षकाच्या पडद्यावरचं रक्तसुद्धा पाण्याच्या रंगाचं झालं. मेगा ड्राइव्हवर आलेला हा एकमेव ‘कॅसलव्हेनिया’.

ब्रॅम स्टोकरची ‘ड्रॅक्युला’ कादंबरी १८९७ सालची. तिच्यात क्विन्सी मॉरिस नावाचा टेक्ससचा माणूस ड्रॅक्युलाला मारताना स्वतः मरतो. गेमचा नायक जॉन मॉरिस हा त्याचा मुलगा, हातात चाबूक. दुसरा नायक एरिक लेकार्ड, हातात भाला. काळ १९१७, पहिलं महायुद्ध चालू. एलिझाबेथ बार्टली नावाची रक्तपिपासू सरदारीण ड्रॅक्युलाला जिवंत करायला निघाली आहे, आणि हे दोघे तिच्या मागे युरोपभर फिरतात. टप्पे सहा: रोमानियातला ड्रॅक्युलाचा वाडा, ग्रीसमधलं बुडालेलं देऊळ, इटलीतला पिसाचा मनोरा, जर्मनीतला दारूगोळ्याचा कारखाना, फ्रान्समधला व्हर्सायचा राजवाडा आणि शेवटी इंग्लंडमधला किल्ला.

याला कमी का लेखलं?

माझ्या मते कारण सोपं आहे. तो दोन मोठ्या भावंडांच्या मध्ये सापडला. १९९१ चा ‘सुपर कॅसलव्हेनिया ४’ सुपर निन्टेंडोवर. त्यात चाबूक आठही दिशांना फिरतो, पडद्यावर एका वेळी २५६ पर्यंत रंग दिसू शकतात, आणि मशीनच अख्खं चित्र गोल फिरवून देतं. मग १९९७ चा ‘सिम्फनी ऑफ द नाइट’ प्लेस्टेशनवर, ज्याने सगळी मालिकाच बदलून टाकली. मधल्याला कोण विचारतो?

मेगा ड्राइव्हवर एका वेळी रंग जास्तीत जास्त ६४, तेही ५१२ मधून निवडलेले. चित्र फिरवण्याची सोय मशीनमध्ये नाही. आणि ‘ब्लडलाइन्स’ची अख्खी कॅसेट एक एमबीची. व्हॉट्सॲपवर शुभ सकाळचे चार-पाच फोटो आले की तेवढी जागा भरते!

कागदावर तुलना केली तर हा गेम हरतोच. मीही मागच्या वेळी कागदच वाचला होता.

मनोरा झुलतो तेव्हा

आता तिसरा टप्पा. पिसाचा कलता मनोरा. वर चढत जाता तसा मनोरा डोळ्यांसमोर डावी-उजवीकडे झुलायला लागतो. माझी पहिली प्रतिक्रिया होती, “अरे, हे या मशीनला येत नाही!”

खरंच येत नाही. मेगा ड्राइव्हला येतं एवढंच: मागचं चित्र आडव्या ओळीओळीने वेगवेगळं सरकवायचं, किंवा उभ्या पट्ट्यापट्ट्यांनी वर-खाली करायचं. प्रत्येक ओळ थोडी थोडी वेगळी सरकवली की चित्र तिरकं वाटतं. ही हातचलाखी सेकंदाला साठ वेळा करायची, आणि वर राक्षस, आवाज, चाबूक हेही सांभाळायचं, तेही सुमारे साडेसात मेगाहर्ट्झच्या प्रोसेसरवर आणि ६४ केबी मेमरीत. मी रोज ज्या सर्व्हरवर काम करतो, त्याचा नुसता एरर लॉग याच्या हजारपट असतो. त्या रात्री मी गेम थांबवून नुसता मनोरा बघत बसलो.

दुसऱ्या टप्प्यात पाण्यात प्रतिबिंब दिसतं. शेवटच्या टप्प्यात तर पडदाच तीन आडव्या पट्ट्यांत चिरलेला, प्रत्येक पट्टी थोडी सरकलेली. डोकं एकीकडे, कंबर दुसरीकडे, पाय तिसरीकडे. उडी मारायची कुठून हेच कळत नाही. इथे हातचलाखी नुसती दाखवण्यापुरती नाही, ती खेळाचा भाग आहे. तिने मला वीसेक वेळा मारलं, आणि दर वेळी वाटलं की चूक माझीच होती.

आमच्या पेणमध्ये गणपतीचे कारखाने आहेत. एकाच साच्यातून निघालेल्या, त्याच रंगांच्या दहा मूर्ती एका फळीवर ठेवलेल्या असतात. पण डोळ्यांची आखणी करणारा हात चांगला असला की त्यातल्या एकीपुढे माणूस थांबतो. कारखान्यात रंगाचे डबे किती आहेत हे कोणी विचारत नाही.

संगीताचंही तसंच. संगीतकार मिचिरू यामाने. त्यांचा हा पहिलाच कॅसलव्हेनिया. पुढे ‘सिम्फनी ऑफ द नाइट’च्या संगीताने त्या जगभर गाजल्या. मेगा ड्राइव्हचा आवाज जरा पत्र्यासारखा, खरखरीत. त्यांनी तो खरखरीतपणा लपवला नाही, वापरला. कारखान्याच्या टप्प्यातलं ‘आयर्न ब्लू इंटेन्शन’ हेडफोन लावून ऐका. सुपर निन्टेंडोच्या मऊ आवाजात ते तसं वाजलंच नसतं.

आणि दोन नायक नुसते कपडे बदललेले नाहीत. जॉन छताला चाबूक अडकवून झोका घेतो, एरिक भाल्याच्या जोरावर उंच उडी घेतो. काही ठिकाणी दोघांच्या वाटा वेगळ्या आहेत. म्हणून तर दोनदा खेळलो.

तक्रारी

आता वकिली पुरे. दोषही आहेत. टाकायची हत्यारं तीनच: कुऱ्हाड, बूमरँग, पवित्र पाणी. चाबूक चौथ्या भागाइतका मोकळा नाही. टप्पे सहाच, आणि शेवटाकडे जुने बॉस परत आणून वेळ भरलाय. कंटिन्यू मोजके, त्यामुळे नवख्याला राग येणार.

पण माझी मोठी तक्रार कथेबद्दल आहे. गेम सुचवतो की १९१४ मध्ये सारायेव्होला राजपुत्राचा खून झाला आणि युद्ध पेटलं, त्यामागे ही बार्टलीबाई होती. म्हणजे महायुद्ध चेटकिणीने लावलं. गॉथिक कथेला हे शोभतं, मान्य. पण त्या युद्धात आपलीही माणसं होती. सहाव्या पुणे डिव्हिजनला मेसोपोटेमियात, आजच्या इराकमध्ये, कुट-अल-अमाराला वेढा पडला. त्यात १०३, ११० आणि ११७ मराठा पलटणी होत्या. एप्रिल १९१६ मध्ये उपासमारीने शरणागती पत्करावी लागली. आपल्याकडे काही गावांत अजून संगमरवरी पाट्या आहेत: या गावातून इतके गेले, इतके परत आले नाहीत. त्यांना चेटकिणीने पाठवलं नव्हतं. माणसांनी, सरकारांनी, कागदांवर सह्या करून पाठवलं होतं.

गंमत म्हणजे गेमलाही हे कुठेतरी माहीत असावं. कारण त्याचा सगळ्यात भीतिदायक टप्पा ड्रॅक्युलाचा वाडा नाही. तो दारूगोळ्याचा कारखाना आहे. दातेरी चाकं, यंत्रं, धडधड. तिथे भुतं नसती तरी भीती वाटली असती. तेवढा एक टप्पा कथेपेक्षा खरं बोलतो.

निकाल

तर माझा फेरनिकाल: ‘ब्लडलाइन्स’ दुय्यम नाही. चौथ्या भागाच्या बरोबरीने बसवावा असा गेम आहे, आणि मशीनकडून काम करून घेण्यात त्याच्या पुढेच. कथेसाठी दीड गुण कापतो. दहापैकी साडेआठ. मागचं वाक्य मी मागे घेतो, आणि त्या भागाच्या मजकुराखाली तशी टीपही टाकतो.

खेळायचा असेल तर चोरीची फाइल शोधायची गरज नाही. २०१९ पासून ‘कॅसलव्हेनिया ॲनिव्हर्सरी कलेक्शन’मध्ये तो मिळतो, आठ गेम्स एकत्र. त्यात हवं तिथे सेव्ह करता येतं, त्यामुळे कंटिन्यूचा त्रासही नाही. निदान पिसाच्या मनोऱ्यापर्यंत जा.

आणि एक काम करा. तुमच्या घरच्या टीव्ही गेमची आठवण आम्हाला आवाज रेकॉर्ड करून पाठवा. कुठल्या जत्रेतून घेतला, कितीला, कॅसेटवर काय लिहिलं होतं, शेवटी त्याचं काय झालं. आमचा डबा आईने माळा साफ करताना भंगारवाल्याला दिला. मी विचारलं तर म्हणाली, “बंदच होता की तो. आणि तुला इतकी वर्षं कुठे आठवण आली?” बरोबरच होतं तिचं.

त्या आठवणी जमल्या की आपण आपली यादी करू. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.