बंदूक द्यायची की नाही? अमेरिकेतल्या एका काउंटरचा इतिहास

अमेरिकेत बंदूक ऑनलाइन मागवता येते, हे तुम्हीही कुठेतरी ऐकलं असेल. खरं आहे, पण अर्धंच. दुकानाच्या साइटवरून मागवलेली बंदूक तुमच्या दारात येत नाही. ती जाते तुमच्या राज्यातल्या एखाद्या परवानाधारक दुकानदाराकडे. तिथे जायचं, ओळखपत्र दाखवायचं, फॉर्म भरायचा, आणि दुकानदार हो म्हणाला तरच ती हातात पडते. याला तिकडे 'ट्रान्सफर' म्हणतात. आज मला सांगायचंय ते या दुकानदाराबद्दल. सरकारने करायची राखण काउंटरमागच्या एका माणसाच्या गळ्यात कशी पडली, त्याची ही गोष्ट.

आधी एक फरक लक्षात घ्या. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार परवाना घेणाऱ्याला काढावा लागतो. पोलिसांची चौकशी आधी, दुकान नंतर. अमेरिकेत केंद्र सरकारचा परवाना लागतो तो विकणाऱ्याला. घेणाऱ्याला वेगळा परवाना हवा की नको, हे ज्या त्या राज्याने ठरवायचं.

याची सुरुवात १९३८ च्या कायद्यात आहे. दुसऱ्या राज्यांशी बंदुकांचा व्यापार करायचा तर परवाना घ्या, आणि गिऱ्हाइकाचं नाव लिहून ठेवा, असं त्यात सांगितलं होतं. दुकानदाराच्या परवान्याची फी किती? वर्षाला १ डॉलर! गिऱ्हाईक खरं बोलतंय का, हे तपासायची सोयच नव्हती. आणि पोस्टाने बंदूक मागवायला तर दुकानात जायचीही गरज नव्हती.

मार्च १९६३ मध्ये ली हार्वे ऑस्वाल्डने मासिकातलं कूपन भरून शिकागोच्या एका दुकानाकडून दुर्बीण लावलेली इटालियन रायफल मागवली. किंमत १९.९५ डॉलर, नाव खोटं. २२ नोव्हेंबरला त्याच रायफलने राष्ट्राध्यक्ष केनेडींचा खून झाला. आता कायदा लगेच बदलला असेल असं वाटतं ना? नाही. पाच वर्षं गेली. १९६८ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग आणि रॉबर्ट केनेडी यांचे खून झाले, तेव्हा कुठे ऑक्टोबरमध्ये नवा कायदा आला.

या कायद्याने पोस्टाचा रस्ता बंद केला. एका राज्यातून दुसऱ्या राज्यातल्या सामान्य गिऱ्हाइकाला थेट बंदूक पाठवायची नाही, आणि हँडगन तर गिऱ्हाइकाला त्याच्या स्वतःच्या राज्यातल्या दुकानदाराकडूनच मिळणार. म्हणजे राज्याची सीमा आली थेट दुकानाच्या काउंटरवर. सोबत आला तो प्रसिद्ध फॉर्म, ४४७३. तुम्ही गुन्हेगार ठरला आहात का? अमली पदार्थ घेता का? गिऱ्हाइकाने स्वतःच 'नाही' वर खूण करायची आणि सही ठोकायची. पुढची २५ वर्षं सगळा मामला विश्वासावर! गृहस्था, तू चोर आहेस का, असं विचारून दार उघडण्यासारखं.

१९८१ मध्ये राष्ट्राध्यक्ष रेगन यांच्यावर गोळीबार झाला. त्यांचे प्रेस सेक्रेटरी जेम्स ब्रेडी यांच्या डोक्यात गोळी लागली आणि ते जन्माचे अपंग झाले. ब्रेडी आणि त्यांच्या पत्नी सारा यांनी वर्षानुवर्षं खटपट केली. शेवटी १९९३ मध्ये ब्रेडी कायदा आला. तपासणीचं काम स्थानिक शेरीफ किंवा पोलिसप्रमुखांवर टाकलं होतं. दोन शेरीफ कोर्टात गेले, आणि १९९७ मध्ये सुप्रीम कोर्टाने ५ विरुद्ध ४ मतांनी सांगितलं की केंद्र सरकार राज्यांच्या अधिकाऱ्यांना असं कामाला जुंपू शकत नाही.

मग उरलं कोण? दुकानदारच. ३० नोव्हेंबर १९९८ पासून एफबीआयची झटपट तपासणी सुरू झाली. दुकानदार फोन करतो किंवा कॉम्प्युटरवर माहिती टाकतो, आणि उत्तर येतं: द्या, देऊ नका, किंवा थांबा. त्याच वर्षी आणखी एक नियम झाला. तात्पुरत्या व्हिसावर तिकडे राहणाऱ्यांना, म्हणजे एच-वन-बीवर गेलेल्या आपल्या पुण्या-नाशिकच्या मुलांनाही, शिकारीचा परवाना वगैरे मोजके अपवाद सोडले तर बंदूक घेता येत नाही.

खरी गोम आहे त्या 'थांबा'मध्ये. कामकाजाचे तीन दिवस उलटले आणि उत्तर आलं नाही, तर केंद्राचा कायदा म्हणतो की दुकानदार बंदूक देऊ शकतो. शब्द नीट ऐका. 'दिलीच पाहिजे' असं नाही, 'देऊ शकतो' असं. म्हणजे सरकारने निर्णयच दुकानदारावर सोडला.

एप्रिल २०१५ मध्ये साउथ कॅरोलायनातल्या एका दुकानात नेमकं हेच झालं. २१ वर्षांच्या एका तरुणाने पिस्तूल मागितलं. त्याच्यावर अमली पदार्थांची केस होती, आणि त्यातल्या कबुलीमुळे त्याला नकार मिळायला हवा होता. पण नोंदींच्या घोळात एफबीआयची विचारणा चुकीच्या कचेरीत गेली. मुदत संपली, दुकानदाराने पिस्तूल दिलं. कायद्याने त्याचं काहीच चुकलं नव्हतं. १७ जूनला चार्ल्सटनच्या चर्चमध्ये बायबल वाचायला जमलेली नऊ कृष्णवर्णीय माणसं त्याच तरुणाने मारली. एफबीआयच्या प्रमुखांनी पुढच्या महिन्यात जाहीरपणे मान्य केलं की ते पिस्तूल त्याला मिळायला नको होतं.

आता दुसरी बाजू. वॉलमार्टने २००२ पासूनच ठरवलं होतं की स्पष्ट 'द्या' आल्याशिवाय आपण बंदूक देणार नाही. कायदा तोच, काउंटर वेगळा!

त्यात राज्यांची भर. कॅलिफोर्नियात सगळं स्वच्छ असलं तरी १० दिवस थांबायचं, आणि दोन सामान्य माणसांमधला व्यवहारसुद्धा १९९१ पासून दुकानदारामार्फतच करायचा. इलिनॉयमध्ये १९६८ पासून घेणाऱ्याकडे ओळखपत्र हवं. टेक्सासमध्ये उत्तर आलं की त्याच दिवशी बंदूक घरी. रायफल दुसऱ्या राज्यातल्या माणसाला विकायची तर दोन्ही राज्यांचे कायदे पाळायचे. हे सगळं दुकानदाराने लक्षात ठेवायचं. त्याच्या मदतीला केंद्रातलं खातं सगळ्या राज्यांच्या बंदूक कायद्यांचं संकलन काढतं, पण चूक झाली तर परवाना त्याचाच जातो.

चार्ल्सटननंतर ही मुदत वाढवण्याचं विधेयक २०१९ आणि २०२१ मध्ये कनिष्ठ सभागृहात मंजूर झालं, पण सिनेटमध्ये अडकलं. २०२२ च्या कायद्याने २१ वर्षांखालच्यांसाठी ही मुदत गरजेप्रमाणे १० दिवसांपर्यंत वाढवली. चार्ल्सटनच्या मारेकऱ्याला नुकतीच २१ वर्षं पूर्ण झाली होती. त्याला हा नियम लागूच झाला नसता.

बंदुकांच्या वादात आपण नेहमी दोनच पक्ष ऐकतो, हक्कवाले आणि बंदीवाले. मला वाटतं, तिसऱ्याकडे बघायला हवं. संसदेला ठरवता आलं नाही, शेरीफांनी नाकारलं, एफबीआयला वेळ पुरला नाही, आणि चौथ्या दिवशी सकाळी दुकान उघडल्यावर तो एकटाच विचार करत उभा आहे: देऊ की नको? ज्या देशात हक्कांवर एवढं भांडण होतं, तिथे नऊ जिवांचा प्रश्न एका दुकानदाराच्या विवेकावर सोडून दिला, हे मला तरी पटत नाही. तुम्हाला काय वाटतं, नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!