गिटारवादनातील वेग आणि दमसास : पिकच्या आघाताचा इतिहास

गिटारच्या तारेवर पिकने झपाट्याने आघात करण्यासाठी हातात ताकद हवी, असा समज विद्यार्थ्यांमध्ये सर्रास आढळतो. इतिहास पाहिला तर वेगळे चित्र दिसते. हाताला स्वतः किती आवाज काढावा लागतो यावर पिकच्या हालचालीची रुंदी ठरत गेली, आणि त्या रुंदीवर वेग व दमसास अवलंबून राहिले.

१. ध्वनिवर्धकाशिवायचा काळ

१९३४ साली पॅरिसमध्ये जँगो राइनहार्ट यांच्या ‘हॉट क्लब’ पंचकाची सुरुवात झाली. व्हायोलिन, साथीच्या दोन गिटारी आणि बास यांच्यातून त्यांची साधी, विजेविना वाजणारी गिटार ऐकू येणे आवश्यक होते. म्हणून मनगट किंचित उचललेले ठेवून आघात खाली सोडायचा आणि पिक पुढच्या तारेवर टेकवायची, अशी त्यांची पद्धत होती. तार बदलताना बहुधा पुन्हा खालचाच आघात होई. हाताच्या वजनाचा उपयोग होत असल्याने आवाज भरदार येई आणि स्नायूंवर ताण कमी पडे.

२. विजेची गिटार

१९३६ मध्ये गिब्सन कंपनीची ईएस-१५० ही विजेची गिटार बाजारात आली. १९३९ मध्ये बेनी गुडमन यांच्या वाद्यवृंदात दाखल झालेल्या चार्ली ख्रिश्चन यांनी ती गाजवली. आवाज वाढवण्याचे काम यंत्राकडे गेले आणि हाताला हालचाल लहान करण्याची मुभा मिळाली.

याचे महत्त्व साध्या गणितातून कळते. हाताची हालचाल दोलनासारखी मानली, तर लागणारे बल रुंदी आणि वारंवारतेचा वर्ग यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात असते. रुंदी तीच ठेवून वेग दुप्पट केला, तर बल चौपट लागते. बल तेवढेच राखायचे असेल, तर रुंदी एक चतुर्थांश करावी लागते.

३. आलटून-पालटून आघात

खाली-वर असे दोन्ही आघात वाजवणे जुनेच आहे. सतारीतील ‘दा’ आणि ‘रा’ हे बोल त्याचेच उदाहरण. विजेच्या गिटारवर डिक डेल यांनी १९६२ च्या ‘मिसरलू’मध्ये एकाच तारेवर हे आघात अखंड वाजवले. जॉन मॅक्लॉफ्लिन यांनी महाविष्णू ऑर्केस्ट्रात आणि नंतर झाकीर हुसेन व एल. शंकर यांच्यासोबतच्या ‘शक्ती’मध्ये हेच तंत्र तारा बदलत, अवघड लयीत वापरले.

४. फक्त खालचे आघात

रॅमोन्स (१९७६) आणि मेटॅलिकाच्या ‘मास्टर ऑफ पपेट्स’ (१९८६) यांनी उलट वाट धरली. मिनिटाला २०० मात्रांच्या लयीत मात्रेला दोन खालचे आघात म्हणजे मिनिटाला ४०० स्वर. पण हात ४०० वेळा वरही येतो, फक्त मुक्याने. तेवढ्याच फेऱ्यांत आलटून-पालटून वाजवले तर ८०० स्वर मिळतात. एकसारखा ठाशीव नाद मिळतो, पण त्याची किंमत दमसासात मोजावी लागते.

५. निष्कर्ष

सरावात मेट्रोनोमचा आकडा वाढवण्याआधी पिक तारेपलीकडे किती जाते ते पाहावे. वेग वाढताना रुंदीही वाढत असेल, तर कोपराखालचे परस्परविरोधी स्नायू एकाच वेळी आवळले जातात आणि हात भरून येतो. अशा वेळी लय उतरवावी, हालचाल लहान करावी. दुखत असताना रेटून वाजवल्याने दमसास वाढत नाही. स्नायुबंध मात्र दुखावतात.