निळ्या ठिपक्यांचा पाकट : नाव एक, प्रजाती अनेक

पाठीवर निळे ठिपके आणि डोळ्यांवरून मुखवट्यासारखा गेलेला काळपट पट्टा, एवढ्या खुणांवर पाकट माशाची एक प्रजाती सुमारे पावणेदोनशे वर्षे ओळखली जात होती. म्युलर आणि हेन्ले या जर्मन शास्त्रज्ञांनी १८४१ मध्ये तिचे वर्णन केले. जावा बेटावर ऐन तारुण्यात मरण पावलेले निसर्गअभ्यासक हाइन्रिख कूल यांच्यावरून तिचे ‘कूली’ हे नाव पडले. पुढे पूर्व आफ्रिकेपासून जपान-ऑस्ट्रेलियापर्यंत कुठेही असा पाकट जाळ्यात आला की, त्याची नोंद याच नावाने होऊ लागली.

या नोंदींना धक्का दिला तो जनुकीय तपासणीने. पेशीतील मायटोकॉन्ड्रियामध्ये ‘सीओ-१’ नावाचे जनुक असते. त्याचा सुमारे साडेसहाशे अक्षरांचा तुकडा प्राण्यांची प्रजाती ओळखण्यासाठी वापरतात. निरनिराळ्या समुद्रांतील पाकटांचे हे तुकडे ताडून पाहिले असता त्यांचे स्पष्ट वेगळे गट पडले. मग संशोधक पुन्हा ठिपक्यांकडे वळले. ठिपके किती, शरीराच्या रुंदीच्या मानाने केवढे, त्यांच्यामध्ये काळे बिंदू आहेत काय, याची मोजदाद झाली. एरवी किरकोळ वाटणारा हा तपशीलच गटागटांत निराळा निघाला.

२०१६ मध्ये लास्ट, व्हाइट आणि सेरे यांनी तीन नव्या प्रजाती मांडल्या; मूळ ‘कूली’ सॉलोमन बेटांच्या परिसरापुरती उरली. २०१८ मध्ये ‘निओट्रायगॉन इंडिका’ या हिंदी महासागरातील प्रजातीची भर पडली. तिचे वर्णन करणाऱ्यांत मुंबईच्या केंद्रीय मात्स्यिकी शिक्षण संस्थेतील शास्त्रज्ञ होते.

अर्थात, दोन्ही पुराव्यांना मर्यादा आहेत. मासा मेल्यावर रंग फिकट होतात आणि जतन केलेल्या नमुन्यांत तर ते जवळपास नाहीसेच होतात. म्हणून ताज्या माशाचे छायाचित्र मोलाचे. सीओ-१ जनुक केवळ आईकडून येत असल्याने दोन प्रजातींचा संकर झाला असल्यास तो त्यातून दिसत नाही. शिवाय जनुकीय संग्रहात एखादा नमुना चुकीच्या नावाने गेला, तर तीच चूक पुढच्या अभ्यासात उतरते.

हा वाद निव्वळ नावांचा नाही. पाकटाची मादी अंडी घालत नाही. ती एका वेळी मोजक्याच पिलांना जन्म देते. त्यामुळे मासेमारीत झालेली घट लवकर भरून येत नाही. आफ्रिकेपासून ऑस्ट्रेलियापर्यंत पसरलेली एकच प्रजाती मानली, तर एखाद्या किनाऱ्यावरचे पाकट संपले तरी कागदोपत्री ती सुरक्षितच राहते. प्रत्यक्षात तिथे एक स्वतंत्र प्रजाती नष्ट झालेली असू शकते. त्यामुळे बंदरावरील नोंदवहीत नुसते ‘पाकट’ लिहून भागत नाही.