तेगेलचा तुरुंग आणि सीमेपलीकडचा आवाज

६ डिसेंबर १९६४ रोजी, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणदिनी, दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांचा सत्याग्रह सुरू झाला. तीन लाखांहून अधिक माणसांनी तुरुंगवास पत्करला. घटनात्मक मार्ग खुले असताना सत्याग्रहाचे समर्थन करता येत नाही, असे बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बजावले होते. त्या इशाऱ्याशी हा लढा सुसंगत होता काय, हा वाद येथे उकरायचा नाही. पडीक जमीन मागणारी ती माणसे रोजंदारीवर जगत होती. तुरुंगातला प्रत्येक दिवस घरच्या चुलीवर पडत होता, हे मात्र विसरता येत नाही.

त्यांची नातवंडे आज जर्मनीत स्थिरावली आहेत. दूर राहून मायदेशातील अन्यायावर बोलण्याचा आपल्याला अधिकार काय, असे कुणी विचारले की आपण गप्प होतो. याच देशातल्या एका संपादकाने या प्रश्नाचे अतिशय कठोर उत्तर दिले होते.

कार्ल फोन ओसिएत्स्की हे ‘दी वेल्टब्यूने’ या साप्ताहिकाचे संपादक. व्हर्सायचा तह मोडून चाललेल्या गुप्त हवाई सज्जतेवरचा लेख त्यांनी १९२९ मध्ये छापला. १९३१ मध्ये त्यांना १८ महिन्यांची शिक्षा झाली. लेखक वाल्टर क्रायझर फ्रान्सला निघून गेले. ओसिएत्स्कींनाही जाता आले असते. पण सीमा ओलांडलेल्या विरोधकाचा आवाज मायदेशात लवकरच पोकळ ऐकू येतो, असे त्यांचे मत होते. १० मे १९३२ रोजी ते स्वतः बर्लिनच्या तेगेल तुरुंगात हजर झाले. त्या वर्षीच्या नाताळात माफी मिळून ते सुटले. पुढे हिटलर सत्तेवर आला, तरी ते देशातच राहिले. राइशस्टागच्या आगीनंतर लगेच, २८ फेब्रुवारी १९३३ रोजी, त्यांना पुन्हा पकडण्यात आले. झोनेनबुर्ग आणि एस्टरवेगेनच्या छळछावण्यांनी त्यांचे शरीर पोखरले, क्षय जडला.

मला विलक्षण वाटते ते यापुढचे. त्यांना नोबेल शांतता पुरस्कार मिळावा म्हणून मोहीम चालवली ती मुख्यतः देश सोडून गेलेल्या जर्मनांनी: पॅरिसमधल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी आणि नॉर्वेत आश्रय घेतलेल्या तरुण विली ब्रांट यांनी, जे पुढे जर्मनीचे चॅन्सलर झाले. म्हणजे सीमेपलीकडचा तो आवाज पोकळ ठरला नाही. १९३५ चा पुरस्कार १९३६ च्या नोव्हेंबरात जाहीर झाला. तो नाकारावा म्हणून ग्योरिंगने दबाव आणला. आजारी ओसिएत्स्कींनी तो स्वीकारला. त्यांना ऑस्लोला जाऊ दिले गेले नाही. ४ मे १९३८ रोजी बर्लिनच्या एका रुग्णालयात, पोलिसांच्या पहाऱ्यात, त्यांचा मृत्यू झाला.