दांडीच्या फुलाची कुळकथा

राष्ट्रीय बागवानी मंडळाचे मुख्यालय गुरुग्राममध्ये आहे. नाशवंत शेतमालाचा विचार करण्यासाठी डॉ. एम. एस. स्वामिनाथन यांच्या अध्यक्षतेखाली एक गट नेमला होता. त्याच्या शिफारशींवरून 1984 साली हे मंडळ स्थापन झाले. फुलदाणीतल्या गुलाबाची कुळकथा सरकारी कचेरीपासून सुरू करणे रूक्ष वाटेल, पण तिची खरी सुरुवात याच ‘नाशवंत’ या शब्दापाशी आहे. लांब दांडीचे फूल आठवडाभर टवटवीत ठेवण्याची विद्या आपल्याकडे दिवाणखान्यात जन्मली नाही. फूल रोपापासून तुटून दोन-तीन दिवस प्रवास करू लागले, तेव्हा गरजेपोटी ती आली. त्यामुळे फूल किती टिकणार याचा बराचसा निकाल फुलदाणीत पोहोचण्याआधीच लागलेला असतो.

आपल्या जुन्या व्यवहारात फुलाला दांडीची गरजच नव्हती. मोगरा, जाई, बकुळ, पारिजात, झेंडू ही परडीत जमणारी आणि हार, गजरा, वेणी यांत गुंफली जाणारी फुले. ती ताजी ठेवण्याचा उपाय एकच होता: रोपापासून देवापर्यंतचा वेळ कमी करणे. पहाटे खुडायची, ओल्या फडक्यात किंवा केळीच्या पानात गुंडाळायची आणि दुपारच्या आत वापरून टाकायची. गुरुग्रामच्या शेजारी, मेहरौलीत, दुसऱ्या अकबरशहाच्या काळात ‘फूलवालों की सैर’ हा उत्सव सुरू झाला. बख्तियार काकींच्या दर्ग्यावर फुलांची चादर आणि योगमायेच्या देवळात फुलांचा पंखा, अशी त्याची रीत. चादर असो वा पंखा, दोन्हींत फूल गुंफलेलेच. यावर आक्षेप येईल की आग्र्याला इतमादुद्दौलाच्या कबरीवरच्या जडावकामात फुलदाण्या स्पष्ट दिसतात, म्हणजे दांडीची फुले सजवण्याची हौस मोगलांनाही होती. ती होतीच. पण बादशहाची बाग वाड्याला लागून असे आणि माळी रोज नवी फुले आणून देई. फूल कोमेजले तर बदलायचे, टिकवायचे नाही. ज्याला सकाळी ताजे फूल मिळते त्याला टिकवण्याचे शास्त्र लागत नाही.

ते शास्त्र व्यापाराच्या नुकसानीतून उभे राहिले. शिकागोच्या हरितगृहांत कार्नेशनची फुले ऐन उमलताना मिटून ‘झोपी’ जात. 1908 साली क्रॉकर आणि नाइट या वनस्पतिशास्त्रज्ञांनी त्याचे मूळ दिव्यांसाठी वापरल्या जाणाऱ्या गॅसमधल्या इथिलीनमध्ये दाखवून दिले. पुढे कळले की पिकणारी फळे आणि कोमेजणारी फुले स्वतःच इथिलीन सोडतात. म्हणून आंब्याच्या टोपलीशेजारी ठेवलेले कार्नेशन लवकर मान टाकते. दुसरा शत्रू दांडीच्या आत असतो. पानांतून बाष्प जात राहते आणि त्या ओढीने पाण्याचे बारीक धागे वर चढत असतात. दांडी छाटताक्षणी धागा तुटतो, नळ्यांत हवा शिरते. मग साचलेल्या पाण्यातले जिवाणू त्या नळ्या बुजवतात. फुलदाणी भरलेली असताना गुलाबाची मान वाकते ती यामुळे. तिसरी गोष्ट उष्णतेची, आणि माझ्या मते सर्वांत मोठी. तापमान दहा अंशांनी वाढले की फुलाच्या श्वसनाचा वेग दुपटी-तिपटीने वाढतो, म्हणजे साठवलेली साखर तितक्याच लवकर जळते. गुरुग्रामच्या जूनमध्ये उघड्या टेम्पोत काढलेली एक दुपार पुढचे कित्येक दिवस खाऊन टाकते.

हे ज्ञान आपल्या शेतात आले ते 1988 च्या बियाणे धोरणामुळे. त्या धोरणाने परदेशी बियाणे आणि लागवडीच्या साहित्याची आयात सोपी केली. नव्वदच्या दशकात पुणे, बेंगळुरू, हैदराबाद यांच्या आसपास निर्यातीसाठी पॉलिहाउस उभी राहिली. त्यांतली बरीच बंद पडली, पण मावळात गुलाब रुजला, आणि आज फेब्रुवारीच्या आरंभी तिथली फुले परदेशाबरोबर दिल्लीच्या बाजारातही येतात. कळी घट्ट असताना छाटणे, लगेच पाण्यात ठेवणे, शीतगृहात थंड करणे, मग पुठ्ठ्याच्या खोक्यात भरणे, हा क्रम मावळातल्या मजुरालाही पाठ झाला. पुष्पविज्ञान संशोधन संचालनालय 2009 साली दिल्लीत सुरू होऊन नंतर पुण्याला गेले, त्यामागेही हाच भूगोल दिसतो.

कोणी म्हणेल, एवढ्या यंत्रणेची काय गरज, पाण्यात ॲस्पिरिन किंवा तांब्याचे नाणे टाकले की झाले. ॲस्पिरिनने पाणी थोडे आम्ल होते, इतकाच त्याचा गुण. नाण्यातून पुरेसे तांबे विरघळत नाही, आणि आजची बरीचशी नाणी तर पोलादाची आहेत. नुसती साखर घातली तर फुलाआधी जिवाणूंचे पोट भरते. लिटरभर पाण्यात एक मोठा चमचा साखर, दोन मोठे चमचे लिंबाचा रस आणि ब्लीचचे काही थेंब, हे मिश्रण मात्र खरोखर काम करते, कारण त्यात अन्न, आम्लता आणि जंतुनाशक तिन्ही आहेत. तरीही शेतात उशिरा छाटलेले आणि उन्हात तापलेले फूल त्यानेही परत उभे राहत नाही.

म्हणून दांडीसाठी फूल लावायचे असेल, तर रंग पाहण्याआधी दोन गोष्टी पाहाव्यात: दांडी ताठ आहे का, आणि अर्धवट उमललेले फूल पाण्यात पुढे उमलते का. मोगरा आणि पारिजात कितीही प्रिय असले तरी इथे बसत नाहीत. ग्लॅडिओलस बसतो; खालच्या एक-दोन कळ्यांत रंग दिसताच छाटला की बाकीच्या कळ्या फुलदाणीत उमलत जातात. निशिगंधही बसतो. मेक्सिकोतून आलेल्या या फुलाने दोन्ही जगांत घर केले: एकेरी निशिगंध हारात जातो, दुहेरी फुलदाणीत. गुरुग्रामच्या हवेत ग्लॅडिओलसचे कंद सप्टेंबर ते नोव्हेंबर, पंधरा-पंधरा दिवसांच्या अंतराने लावावेत. अडीच-तीन महिन्यांत दांड्या मिळू लागतात. निशिगंधाचे कंद फेब्रुवारी-मार्चमध्ये लावावेत, म्हणजे पावसाळ्यात फुले येतात. शेवंती हिवाळ्याच्या तोंडाशी येते आणि पाण्यात सर्वांत जास्त टिकणाऱ्या फुलांपैकी एक आहे. फूल विकत घेणाऱ्याने विक्रेत्याला किमतीआधी ते कधी छाटले आणि रात्री कुठे ठेवले होते हे विचारावे. घरी आल्यावर दांडीचे टोक पाण्याखाली धरून तिरके कापावे, पाण्यात बुडणारी पाने काढून टाकावीत, आणि फुलदाणी कूलरच्या झोतापासून व फळांच्या टोपलीपासून दूर ठेवावी.