केडगांवचें शुभवर्तमान

ख्रिस्ती धर्मग्रंथाच्या ज्या भागांत येशूचें चरित्र व उपदेश आला आहे, त्यास मराठींत 'शुभवर्तमान' असें म्हणतात. वर्तमान म्हणजे बातमी. तत्त्वज्ञानाचें मनन करावयाचें असतें, आज्ञा पाळावयाची असते. बातमी मात्र ज्याच्यासाठीं असेल त्याच्या दारापर्यंत न्यावी लागते आणि त्यास कळेल अशा भाषेंत सांगावी लागते. मराठी भाषेस ही बातमी कांहीं नवी नाहीं. फादर स्टीफन्सचें 'क्रिस्तपुराण' १६१६ सालीं गोव्यांत छापलें गेलें, आणि १८११ सालीं श्रीरामपूरच्या मिशनऱ्यांनीं नव्या कराराचें मराठी भाषांतर प्रसिद्ध केलें. पुढील शतकांत उपदेश झाले, खंडनमंडनाचीं पुस्तकें निघालीं, धर्मांतरांवरून खटलेहि झाले. परंतु त्या बातमीचा अर्थ एका मराठी स्त्रीनें स्वतःच्या बुद्धीनें कसा लावला, आणि तो चुलीपाशीं, मागापाशीं, शेतांत व छापखान्यांत कसा उतरविला, हें पाहावयाचें असेल तर पंडिता रमाबाईंच्या चरित्राकडेच वळावें लागतें.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजीं सह्याद्रीच्या रानांत गंगामूळ येथें झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे जाडे विद्वान होते. लोकापवाद पत्करून त्यांनीं आपल्या पत्नीस संस्कृत शिकविलें, आणि आईच्या तोंडून तें मुलीकडे आलें. पुराणें सांगत व तीर्थें करीत हें कुटुंब देशभर हिंडलें. १८७४ च्या सुमारास दुष्काळाच्या दिवसांत आई, वडील व वडील बहीण अशीं तिघें थोड्याथोड्या अंतरानें निवर्तलीं. अंगमेहनतीचें काम येत नाहीं आणि भीक मागण्यास मन धजत नाहीं, अशा पेंचांत ही विद्वान मंडळी सांपडली होती, असें रमाबाईंनीं पुढें लिहून ठेविलें आहे. केडगांवीं प्रत्येक मुलीस हातानें करावयाचें एखादें काम आलेंच पाहिजे असा जो त्यांचा कटाक्ष दिसतो, त्याचें बीज आम्हांस या अनुभवांत आढळतें.

१८७८ सालीं भावाबरोबर त्या कलकत्त्यास पोंचल्या. तेथील विद्वानांनीं 'पंडिता' व 'सरस्वती' या पदव्या देऊन त्यांचा गौरव केला. १८८० मध्यें भाऊ वारला. त्याच वर्षीं बिपिनबिहारी मेधावी यांच्याशीं त्यांचा विवाह झाला. सिलचर येथील घरांत लूकच्या शुभवर्तमानाची एक बंगाली प्रत त्यांच्या हातीं आली, व ती त्यांनीं आवडीनें वाचली. १८८२ च्या आरंभीं पतीहि निवर्तले, आणि वयाची चोविशी पुरी होण्यापूर्वींच कडेवर लहान मनोरमा घेऊन रमाबाई महाराष्ट्रांत परतल्या. पुण्यास त्यांनीं आर्य महिला समाज स्थापिला, आणि १८८३ सालीं त्या शिक्षणासाठीं इंग्लंडास गेल्या.

वाँटेज येथील ज्या भगिनीसंघाच्या आश्रयास त्या राहिल्या, त्याचें एक गृह लंडनला फुलहॅम भागांत होतें. समाजानें पतित म्हणून टाकलेल्या स्त्रियांची तेथें शुश्रूषा होत असे. त्या बायकांस कोणी हिणवीत नव्हतें. उलट चांगल्या घरच्या स्त्रिया त्यांची सेवा करीत होत्या. हें पाहून रमाबाई चकित झाल्या, आणि असें करण्याचें कारण काय असें त्यांनीं विचारलें. उत्तरादाखल एका भगिनीनें योहानाच्या शुभवर्तमानांतील विहिरीवरच्या शोमरोनी स्त्रीची कथा त्यांस वाचून दाखविली. ती स्त्री परजातीची आणि लौकिकदृष्ट्या कलंकित. तरी येशूनें तिच्याजवळ पाणी मागितलें आणि धर्माचें गूढ तिच्याशींच बोलून दाखविलें. ज्या शास्त्रांचें अध्ययन आपण केलें त्यांत अशा स्त्रीस आशेचें एक अक्षरहि नाहीं, असें रमाबाईंच्या मनानें घेतलें. त्याच वर्षाच्या सप्टेंबरांत त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. नीळकंठशास्त्री गोरे यांच्या युक्तिवादाचाहि त्यांच्यावर परिणाम झाला होता. तथापि त्यांस आधीं पटलें तें आचरण, आणि सिद्धान्ताचा विचार त्यामागून आला.

बाप्तिस्मा घेतला म्हणून त्यांनीं आपली बुद्धि गहाण टाकली नाहीं. सिस्टर जेराल्डीन यांच्याशीं झालेला त्यांचा पत्रव्यवहार १९७७ सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध झाला आहे. तो वाचतांना या तरुण विधवेच्या निर्भयतेचें कौतुक वाटतें. त्रैक्याचा सिद्धान्त केवळ चर्च सांगतें म्हणून मान्य करण्यास त्या तयार नव्हत्या. एका पुरोहितवर्गाचें जूं मानेवरून उतरविलें तें दुसऱ्याचें चढविण्यासाठीं नव्हे, असें त्यांनीं साफ कळविलें. पुरुष विद्यार्थ्यांस शिकविण्याच्या बेतास बिशपांनीं हरकत घेतली, तेव्हां त्यांचा स्वाभिमान दुखावला. शाकाहार त्यांनीं सोडला नाहीं. विलायतेंतील धर्ममंडळास जी नम्र शिष्या हवी होती ती रमाबाईंमध्यें मिळाली नाहीं, आणि पुण्याच्या मंडळींस तर त्या परकीयच वाटूं लागल्या होत्या.

१८८६ सालीं आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदानसमारंभास त्या अमेरिकेस गेल्या. उच्चवर्णीय हिंदु स्त्रीच्या स्थितीवर तेथें लिहिलेल्या इंग्रजी पुस्तकामुळें त्यांच्या कार्यास मोठें साहाय्य मिळालें, आणि ११ मार्च १८८९ रोजीं मुंबईस विधवांसाठीं 'शारदा सदन' उघडलें. पुढच्या वर्षीं तें पुण्यास आलें. कोणत्याहि धर्माचें शिक्षण तेथें द्यावयाचें नाहीं असें ठरलें होतें. परंतु रमाबाईंची खाजगी प्रार्थना दार उघडें ठेवून होई, आणि ज्या मुलींस वाटे त्या जाऊन बसत. यावरून वाद पेटला. 'केसरी'नें कडक टीका केली. न्यायमूर्ति रानडे व डॉ. भांडारकर यांच्यासारखे सहानुभूति बाळगणारे सल्लागारहि १८९३ सालीं दूर झाले, आणि कित्येक पालकांनीं मुली काढून नेल्या.

या प्रकरणीं रमाबाईंची बाजू पूर्णपणें निर्दोष होती असें म्हणणें कठीण आहे. ज्या आश्रयदात्रीवर आपलें अन्नवस्त्र व विद्या अवलंबून आहे, तिच्या उघड्या दाराचें आकर्षण लहान वयाच्या निराधार मुलींस किती असेल, हें समजण्यास फार तर्क नको. सल्लागारांची हरकत केवळ जुनाट दुराग्रहाची नव्हती. पण दुसरी बाजूहि तितकीच खरी आहे. आपण जें मानतों तें घरांत लपवून ठेवावें, ही अट कोणत्याहि प्रामाणिक धर्मनिष्ठ माणसास जाचकच वाटणार. शिवाय सदनांत राहिलेली प्रत्येक स्त्री ख्रिस्ती झाली असें नव्हे. तेथील पहिल्या विधवा विद्यार्थिनी गोदूबाई यांचा १८९३ सालीं धोंडो केशव कर्वे यांच्याशीं पुनर्विवाह झाला, आणि त्याच आनंदीबाई कर्वे म्हणून महाराष्ट्रास परिचित आहेत. स्त्रीशिक्षणाच्या ज्या कार्याचा आपण हिंदुसमाजाचें भूषण म्हणून अभिमान बाळगतों, त्याच्या घरांतील एक दिवा शारदा सदनांत लागला होता, ही गोष्ट विसरतां येत नाहीं.

याच काळांत रमाबाईंच्या मनांत आणखी एक पालट झाला. बाप्तिस्म्यास आठ वर्षें होऊन गेल्यावर त्यांस असें वाटूं लागलें कीं, आपणांस ख्रिस्ती धर्म मिळाला, पण प्रत्यक्ष ख्रिस्त अजून मिळाला नाहीं. ही उक्ति आपल्या संतवाङ्मयाच्या वाचकांस अनोळखी वाटूं नये. शास्त्र कळणें निराळें आणि देव भेटणें निराळें, हा भेद वारकऱ्यांस पूर्वापार ठाऊक आहे. विशेष इतकाच कीं, या अनुभवानंतर रमाबाई एकान्तांत न जाता दुष्काळांत गेल्या.

१८९६–९७ सालीं मध्यप्रांतांत भयंकर दुष्काळ पडला. ज्या उपासमारीनें आपलें घर बुडविलें तिची आठवण रमाबाईंस स्वस्थ बसूं देईना. त्या स्वतः तिकडे गेल्या आणि सुमारें तीनशें मुली व स्त्रिया घेऊन आल्या. पुण्यांत प्लेगचे निर्बंध होते, म्हणून फळबागेसाठीं केडगांवीं घेतलेल्या जमिनीवर त्यांस नेण्यांत आलें. यांतूनच 'मुक्ति सदन' उभें राहिलें. त्याच सुमारास प्लेगच्या रुग्णालयांत स्त्रियांची होणारी आबाळ त्यांनीं वर्तमानपत्रांत उघड केली, आणि त्यावरून विलायतेच्या पार्लमेंटांत प्रश्न निघाला. राज्यकर्त्यांचा धर्म तोच आपला धर्म, म्हणून त्यांनीं सरकारची भीड धरली नाहीं. १९०० च्या गुजराथच्या दुष्काळानंतर केडगांवची वस्ती दोन हजारांच्या आसपास गेली.

दोन हजार जीवांचें पोट रोज भरणें म्हणजे काय, याची कल्पना घर चालविणाऱ्या गृहिणीस चांगली येईल. दळण, सरपण, पाणी, आजाऱ्यांचें पथ्य, धुण्याचे ढीग. या सर्वांची व्यवस्था स्त्रियांच्याच हातीं होती. त्या विहिरीचें पाणी शेतास देत, गाई सांभाळीत, माग चालवीत, घाण्यावर तेल काढीत, कपडे शिवीत. आंधळ्या मुलींस मनोरमाबाई बोटांनीं वाचावयाची ब्रेल लिपि शिकवीत, आणि त्याहि वेताचीं कामें करून आपली भाकरी मिळवीत. फसवल्या गेलेल्या स्त्रियांसाठीं 'कृपा सदन' निराळें होतें. फुलहॅममध्यें जें पाहिलें तें येथें मराठी मातींत रुजलें होतें.

१९०५ सालीं येथें भक्तीची मोठी लाट उसळली, तिची कीर्ति परदेशांपर्यंत गेली. परंतु त्याहून अधिक टिकाऊ असें एक काम त्याच सुमारास सुरू झालें. प्रचलित मराठी बायबलाची भाषा खेड्यांतील बायकांस समजत नाहीं, हें रमाबाईंस रोज दिसत होतें. म्हणून पन्नाशीच्या घरांत आल्यावर त्या हिब्रू व ग्रीक भाषा शिकल्या, आणि मूळावरून सर्व बायबल सोप्या मराठींत उतरविण्यास त्यांनीं प्रारंभ केला. कलकत्त्याच्या शास्त्रीमंडळास थक्क करणारी ही संस्कृत पंडिता शेवटचीं सतरा-अठरा वर्षें अशा शब्दांच्या शोधांत होती, कीं जे भाकरी थापणाऱ्या बाईस अडणार नाहींत. खिळे जुळविणें, छापणें, बांधणी हीं कामें मुक्ति सदनांतील स्त्रियाच करीत. १९२१ सालीं मनोरमाबाई वारल्या. त्या दुःखांतहि तें काम थांबलें नाहीं. ५ एप्रिल १९२२ रोजीं रमाबाईंचें देहावसान झालें, आणि संपूर्ण ग्रंथ १९२४ सालीं बाहेर आला.

दुष्काळांतून आणलेल्या मुलींनीं स्वीकारलेला धर्म हा त्यांच्या स्वतंत्र विचाराचा निर्णय होता काय, हा प्रश्न रमाबाईंच्या चाहत्यांनींहि टाळूं नये. मात्र तो विचारणाऱ्यानें आणखी एक प्रश्न स्वतःस विचारावा: त्या मुली मरत असतां त्यांस घरीं आणण्यास आपल्यापैकीं किती जण गेले होते? रमाबाईंनीं शुभवर्तमानाचा जो अर्थ लावला तो सर्वांस मान्य होणार नाहीं, आणि होण्याचें कारणहि नाहीं. पण ज्या स्त्रीस कोणीच बातमी पाठवीत नाहीं तिच्याकडे आधीं जावयाचें, तिला जेवूं घालावयाचें, काम शिकवावयाचें आणि मग तिच्याच बोलींत बोलावयाचें, हा त्यांचा क्रम मात्र कोणत्याहि धर्माच्या माणसास तपासून पाहण्यासारखा आहे. केडगांवचें सदन आजहि चालूं आहे.