दुखावलेल्या भावनांचे कलम

भारतीय दंड संहितेचे कलम २९५-अ म्हणजे एकच लांबलचक वाक्य. १ जुलै २०२४ पासून ते भारतीय न्याय संहितेत २९९ क्रमांकाने नांदते आहे. इलेक्ट्रॉनिक माध्यमांचा उल्लेख तेवढा वाढला. न्यायालये हे वाक्य पहिल्या शब्दापासून वाचतात. तक्रार घेऊन पोलीस ठाण्यावर गेलेला जमाव ते मधूनच, ‘धार्मिक भावना’ इथून वाचतो आणि बऱ्याचदा ठाणेदारही तिथूनच वाचतो. खाली त्या वाक्याचे तुकडे सोप्या मराठीत घेतले आहेत.

‘जो कोणी, जाणूनबुजून आणि दुष्ट हेतूने’

साऱ्या कलमाचा भार या शब्दांवर आहे. १९२४ साली लाहोरात पैगंबरांवर टीका करणारी ‘रंगीला रसूल’ ही पुस्तिका निघाली. प्रकाशक राजपाल यांच्यावर कलम १५३-अ खाली खटला झाला, पण मे १९२७ मध्ये उच्च न्यायालयाचे न्या. दलीपसिंग यांनी त्यांना सोडले. लिखाण हिणकस होते, हे त्यांनाही मान्य होते. मात्र १५३-अ दोन समाजांत वैर पेटवण्याबद्दल आहे, दिवंगत धर्मसंस्थापकावरच्या टीकेबद्दल नाही, असे त्यांचे म्हणणे. पंजाबात वादळ उठले आणि त्याच वर्षी केंद्रीय कायदेमंडळाने हे नवे कलम करून टाकले. प्रवर समितीत बॅ. जिना होते. कलमाला त्यांचा पाठिंबा होता, पण सत्याचा शोध घेणारा आणि धर्माची प्रामाणिक चिकित्सा करणारा माणूस यात सापडू नये, असे त्यांनी बजावले होते. त्या काळजीचे उत्तर ‘दुष्ट हेतूने’ या शब्दांत आहे. (कायदा होऊनही १९२९ मध्ये राजपाल यांचा खून झाला. मारेकऱ्याचे अपील लाहोरात जिनांनीच चालवले. इतिहास असा अवघड असतो.)

१९५७ साली रामजीलाल मोदी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कलम वैध ठरवले, तेही याच शब्दांच्या आधारावर. नकळत किंवा निष्काळजीपणे झालेला अपमान इथे गुन्हा नाही; बुद्ध्या केलेला, सार्वजनिक सुव्यवस्था बिघडवण्याकडे कल असलेला अपमानच गुन्हा. हे शब्द गाळले तर कलम राज्यघटनेच्या १९(२) मध्ये, म्हणजे अभिव्यक्तिस्वातंत्र्यावरच्या वाजवी बंधनांत, बसवणे कठीण.

‘भारताच्या नागरिकांच्या एखाद्या वर्गाच्या’

मूळ मसुद्यात इथे बादशहाचे प्रजाजन होते. पुढे चला.

‘धार्मिक भावना दुखावण्याच्या’

कुणाच्या भावना, आणि मोजायच्या कशा? याचे सर्वांत चांगले उत्तर नागपूरचे आहे. स्वातंत्र्याच्या तोंडावर नागपूर उच्च न्यायालयात न्या. व्हिव्हियन बोस यांनी सांगितले की शब्दांचा परिणाम समंजस, खंबीर आणि धीट माणसाच्या मापाने जोखावा. दुबळ्या, डळमळत्या मनाच्या किंवा प्रत्येक विरोधी मतात धोका पाहणाऱ्या माणसाच्या नव्हे. फाळणीवरच्या ‘तमस’ मालिकेविरुद्धच्या याचिकेत १९८८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच माप उचलले. शिवाजी महाराजांवरच्या पुस्तकाचे लेखक जेम्स लेन यांच्या प्रकरणातही २००७ मध्ये तेच वापरून पुण्यात दाखल झालेला १५३-अ चा गुन्हा रद्द केला. तोवर ५ जानेवारी २००४ रोजी त्याच पुस्तकावरून पुण्याच्या भांडारकर संशोधन संस्थेची नासधूस होऊन तीन वर्षे उलटली होती. धीट माणसाचे माप न्यायालयात मिळते; रस्त्यावर चालते ते दुसरेच.

‘शब्दांनी, खुणांनी, दृश्य चित्रणाने किंवा अन्य प्रकारे’

‘किंवा अन्य प्रकारे’ ही १९६१ ची भर. २०१३ मध्ये एका उद्योगविषयक नियतकालिकाने मुखपृष्ठावर महेंद्रसिंग धोनीला विष्णूच्या रूपात, हातांत जाहिरातींतल्या वस्तू देऊन दाखवले. धोनीवरही खटला! २०१७ मध्ये तो रद्द झाला. कारण पुन्हा तेच, दुष्ट हेतू नाही.

‘धर्माचा किंवा धर्मश्रद्धांचा अपमान करील, किंवा तसा प्रयत्न करील’

माझा खरा आक्षेप इथे आहे. हे कलम श्रद्धेला जपते, माणसाला नव्हे. ‘या मोहल्ल्यातल्या लोकांकडून भाजी घेऊ नका, त्यांना घर देऊ नका’ असे कुणी माईकवरून ओरडला तर त्यात कुठल्याही देवाचा वा ग्रंथाचा अपमान नाही; २९५-अ तिथे मुकाट बसते. उलट अवतारकथा उलगडून ब्राह्मणी वर्चस्वावर तुटून पडणारे जोतीराव फुले या शब्दांच्या टप्प्यात सहज येतात. माणसांविरुद्धचा द्वेष हा १५३-अ चा प्रांत आहे. त्याची नीट व्याख्या करणारी नवी कलमे विधी आयोगाने २०१७ च्या अहवालात सुचवली, पण नव्या न्याय संहितेत ती आली नाहीत. द्वेषोक्ती रोखायची तर आधी श्रद्धेचा अपमान आणि माणसांविरुद्धचा द्वेष या दोन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात.

‘तीन वर्षांपर्यंत कारावास, किंवा दंड, किंवा दोन्ही’

आधी दोन वर्षे होती, १९६१ मध्ये तीन झाली. शिक्षेपर्यंत पोचणे मात्र दूरची गोष्ट. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. न्यायालयाने दखल घेण्यापूर्वी सरकारची मंजुरी लागते, पण अटकेला ती लागत नाही. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद का, असे फेसबुकवर विचारणारी पालघरची तरुणी आणि ते ‘लाइक’ करणारी तिची मैत्रीण, दोघींना अटक झाली. एकीच्या काकांचा दवाखाना फोडला गेला. पोलिसांनी आयटी कायद्याच्या ६६-अ सोबत आधी २९५-अ लावले होते. त्या मजकुरात धर्माचे नावही नव्हते. पुढे ते काढून समाजांत वैर वाढवणाऱ्या विधानांबद्दलचे ५०५(२) घातले. अखेर गुन्हा टिकला नाही, अधिकारी निलंबित झाले. त्याच अटकेतून उभ्या राहिलेल्या याचिकेवर मार्च २०१५ मध्ये ६६-अ घटनाबाह्य ठरले. २९५-अ हा त्या निकालाचा विषय नव्हता.